दोऱ्याने मोजलेली रेष

दि. ६ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र बसून वाच. आईची तब्येत आहे तशीच आहे, तू घाबरू नकोस. हादरलेय ती मी, आणि तेही आनंदाने. कालपासून तुला सांगायला जीभ नुसती वळवळतेय, पण तुझ्या जहाजावरचा फोन कंपनीच्या कामापुरता, आणि पत्राचं उत्तर येईपर्यंत माझे केस पिकतील.

माझं काम तुला ठाऊक आहे. उपग्रहाने वरून काढलेले समुद्राचे फोटो सकाळी टेबलावर येतात, मी भिंग घेऊन खालच्या थरातले ढग शोधते, नोंद करते आणि फाइलला लावते. सात वर्षं हेच. काल तुमच्या वाटेवरच्या समुद्राचा फोटो पहिल्यांदाच माझ्या टेबलावर आला. तिथे या दिवसांत ढगांची एक सपाट, करडी चादर पसरलेली असते. त्या चादरीवर एक पांढरीशुभ्र रेष होती, लांबच लांब, एका टोकाला बारीक आणि दुसऱ्या टोकाला पसरत गेलेली. मला वाटलं फोटोवर ओरखडा पडलाय. रुमालाने पुसला, तर जाईना. शेवटी मोठ्या बाईंकडे, म्हणजे आमच्या विभागप्रमुखांकडे नेला. त्यांनी मान वरसुद्धा न करता सांगितलं की खालून एखादं जहाज गेलं असेल, त्याच्या धुराने केलेला ढग आहे तो.

दादा, मी पुन्हा विचारलं. जहाज ढग करतं? मग बाईंनी मला समोर बसवून समजावलं. हवेत वाफ कितीही असो, तिला थेंब व्हायला काहीतरी धरायला लागतं. एखादा कण. धुळीचा, मिठाचा, धुराचा. केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाएवढा असला तरी चालतो. तुमच्या चिमणीतून काजळी निघते, आणि तिच्याबरोबर गंधकाचा वायू. तो वायू उन्हात आणि दमट हवेत हळूहळू बदलतो आणि त्याचेच नवे कण तयार होतात, असंख्य. ते वर ढगात पोचले की तिथलं तेवढंच पाणी आता कितीतरी जास्त जणांत वाटलं जातं. प्रत्येकाच्या वाट्याला घोटभर. थेंब बारीक होतात, पण इतके होतात की ढग पांढराफेक दिसायला लागतो. तीच ती रेष.

मी लगेच तुझं मागचं पत्र काढलं. तीस जानेवारीला सकाळी निघणार असं तू लिहिलं होतंस. तेव्हापासूनचे दिवस मोजले, जहाजाचा वेग धरला, नकाशावर पट्टी ठेवली. रेषेचं बारीक टोक बरोबर तिथे! त्या वाटेने दुसरं जहाज क्वचितच जातं. म्हणजे त्या टोकाखाली तू होतास, इंजिनरूममध्ये, घामाघूम, आणि इकडे मी वरून तुझ्या डोक्यावरचा ढग बघत होते.

आता आईचं. दोन महिने ती भिंतीकडे तोंड करून पडून आहे, हे तुला मी लिहिलंच होतं. डॉक्टरांनी परवा पुन्हा बजावलं की हृदय फार नाजूक झालंय, धक्का बसेल असं काहीही तिला कळू देऊ नका. मी फोटोची टाकाऊ प्रत घरी आणली. तिला ऐकू येत नाही, ओरडून किंवा पाटीवर लिहून ढग कसा समजवायचा? मग जाड काचेची बरणी घेतली, तळाशी गरम पाणी, झाकणावर बर्फ. काही दिसेना. झाकण उचलून विझलेल्या काडीचा धूर आत सोडला, आणि बरणीत गरकन ढग! आई ताडकन उठून बसली. दोन महिन्यांनी, कुणाचा हात न धरता. तिने फोटोतल्या रेषेवर बोट ठेवलं ते काढेचना. फोटो आता तिच्या पलंगासमोर भिंतीवर आहे.

लोभ आहेच, पण आता तो ढगाएवढा झालाय. तेवढाच तिकडूनही असू दे.

तुझी,
शेंडेफळ


दि. २७ फेब्रुवारी

चि. शेंडेफळास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. वाचून संपलं की मी पुन्हा पहिल्यापासून घ्यायचो, तेव्हा बाजूचे आजोबा विचारायला लागले, घरी सगळं ठीक आहे ना. त्यांना सांगितलं की माझी बहीण मला ढगावरून ओळखते. त्यांना वाटलं मला ताप चढलाय.

अगं, आमचं तेल म्हणजे तेल नव्हेच, डांबर ते. तापवल्याशिवाय पाइपातून हलत नाही. त्याची काजळी चिमणीच्या पोटात थरावर थर बसते आणि ती खरवडायला आत उतरावं लागतं. वीस वर्षं त्या काजळीला आम्ही शिव्या घातल्या. कानात, नाकात, उशीवर, चहात तीच. ती वर जाऊन पांढरी होते, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. तू सांगतेस म्हणून मानतो. लहानपणी तू सांगायचीस की चंद्र आपल्या गच्चीवर ठेवलेला असतो, तेही मी मानलंच होतं.

आई उठून बसली हे वाक्य मी किती वेळा वाचलं ते विचारू नकोस. आता एक ऐक. ती रेष तिला रोज दाखवत जा, एकही दिवस चुकवू नकोस. आणि मी कुठे आहे, किती पुढे गेलोय, ते मलाही लिहीत जा. गंमत म्हणून.

माझी प्रकृती उत्तम. थोडा खोकला आहे, तो आमच्या धंद्यातला जुना भाडेकरू. पुढच्या बंदरात आमच्या जहाजाचा इलेक्ट्रिशियन पत्र टाकेल, तो पोस्टाच्या बाबतीत माझ्यापेक्षा बरा.

आईला माझा नमस्कार आणि तुला टपली. माया आहे ती कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
दादा


दि. २० मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तू कुठे आहेस ते तुला मी कळवायचं? वा रे इंजिनिअर! जहाज चालवणारे तुम्ही आणि पत्ता विचारायचा शेंडेफळाला. ठीक आहे. काल तू परतीच्या वाटेवर निम्म्याहून थोडा पुढे होतास. परवा वर उंच ढग आले होते, त्यामुळे खालचं काही दिसलं नाही. आईने मला धारेवर धरलं, जणू मीच ते ढग आणून ठेवले.

आईचं काय सांगू! तिने शिवणाच्या डब्यातून पांढऱ्या दोऱ्याचं रीळ काढलंय. चाळीस वर्षं लोकांचे कपडे मापाने शिवले, ती बाई नुसत्या नजरेवर विश्वास ठेवेल होय? मी रोज आदल्या दिवशीच्या फोटोची प्रत आणते. ती उठते, भिंतीपर्यंत चालत जाते, जुन्या फोटोवर नवा टाचते आणि बारीक टोकापर्यंत दोरा लावून गाठ मारते. तू रोज दीड बोट पुढे जातोस. एक दिवस सव्वा बोटच गेलास तर तिने मला लिहायला सांगितलं की वाटेत रेंगाळू नकोस. डॉक्टर आले होते. त्यांनी नाडी पाहिली, भिंत पाहिली आणि म्हणाले की हे औषध बंद करू नका.

रेष बारीक असली की तिला चैन पडत नाही. तुझं पोट भरलेलं नाही, असं तिला वाटतं. जाड असली की शेजारच्या मावशींना बोलावून दाखवते. काल तर म्हणाली, त्याला लिही, जरा जास्त धूर सोड म्हणावं, म्हातारीला चष्म्यातून दिसत नाही. लिहिलं बघ.

तुझ्या पत्राला फिनेलचा वास येतो. जहाज धुतलंत की काय? आणि अक्षर किती वाकडं झालंय! खोकल्याला काही घेतोस की नाही? काम पुरे, एक दिवस सुट्टी घेऊन झोप. इतकी माया करणारी बहीण मिळाली आहे, तिचं एवढं तरी ऐक.

तुझी,
शेंडेफळ


दि. ११ एप्रिल

चि. शेंडेफळास,
अनेक आशीर्वाद.

अक्षर वाकडं नाही, जहाज वाकडं. समुद्र खवळलेला आहे. फिनेलचं म्हणशील तर आमच्याकडे सध्या स्वच्छतेचं फारच वेड शिरलंय, सकाळ-संध्याकाळ लादी पुसतात.

आईला सांग, धूर सोडतोय. पाहिजे तेवढा.

तुला एक विचारायचं होतं. माझ्याकडे हल्ली विचार करायला वेळ आहे म्हणून असलं डोक्यात येतं. जे कण ढगात गेले ते थेंबात अडकले आणि पावसाबरोबर खाली आले, सुटले. पण जे ढगापर्यंत पोचतच नाहीत, त्यांचं काय होतं? ते किती दिवस हवेत राहतात? कुठे जाऊन बसतात? तुझ्या मोठ्या बाईंना विचारून सांग. घाई नाही.

दोऱ्याच्या किती गाठी झाल्या? मोजून लिही. तू लिहितेस ते मी पुन्हा पुन्हा वाचतो, म्हणून कंजूसपणा न करता पानं भरून लिहीत जा.

लोभ ठेवतेसच, उत्तरही लवकर ठेव.

तुझा,
दादा


दि. ८ मे, सकाळी अकरा

दादा,

नमस्कार मागाहून. तू कुठे आहेस?

आजच्या फोटोत रेष तुटलीय. ढगांची चादर शाबूत आहे, पुढेही आहे, मागेही आहे, वर एकही उंच ढग नाही. रेष मात्र समुद्राच्या मधोमध कात्रीने कापल्यासारखी थांबलीय. तिथून पुढे काही नाही. मी आदल्या दिवशीचा फोटो शेजारी ठेवून पाहिलं, दुसऱ्या भिंगातून पाहिलं, फोटो उलटा करून पाहिला. दीड बोट पुढे जायला हवा होतास. तू नाहीस.

मोठ्या बाईंनी पाणी दिलं, ते सांडलं. त्या म्हणतात की धूर थांबला म्हणजे इंजिन थांबलं असेल, एवढंच. एवढंच! समुद्राच्या मध्यात इंजिन थांबतं आणि वरून जहाजाचा काही पत्ता लागत नाही, तेव्हा माणूस काय समजेल? हे पत्र मी कुणाला लिहितेय तेसुद्धा मला कळत नाही, पण हात थांबला तर मी रडेन. बाई कंपनीच्या ऑफिसला फोन लावताहेत. आई घरी दोरा घेऊन बसली असेल.

त्याच दिवशी, दुपारी साडेचार

फोन लागला. बाईंनी माझ्या हातात दिला.

तिकडचे कारकून सभ्य होते. त्यांनी सांगितलं की जहाज सुखरूप आहे, सकाळीच निरोप आला. या फेरीपासून कंपनीने गंधक कमी असलेलं स्वच्छ तेल घेतलंय, वाटेत जुनी टाकी संपली म्हणून नवी उघडली, त्यामुळे धूर जवळजवळ दिसतच नाही. मी हसले, दादा. मी मोठ्याने हसले आणि बाईंचा हात धरला. मग सहज म्हणून सांगितलं की मी सेकंड इंजिनिअरची बहीण, भावाला माझा निरोप द्या.

त्यांनी माझ्याकडून तुझं नाव पुन्हा विचारून घेतलं. मग म्हणाले की तुमचा काहीतरी घोटाळा होतोय. तुमचे भाऊ जहाजावर नाहीत. ते तर एकोणतीस जानेवारीपासून इथल्या छातीच्या रुग्णालयात आहेत, घरी कळवलं नाही का?

एकोणतीस जानेवारी! मी पहिली रेष पाहिली त्याच्या आधी. म्हणजे एकही रेष तुझी नव्हती. एकही नाही. तीन महिने मी आईला कुणाचा धूर दाखवत होते? आणि तू मला तिथून लिहीत होतास की समुद्र खवळलाय!

मला अजून खरं वाटत नाही. हे पत्र कारकुनांनी दिलेल्या पत्त्यावर, थेट रुग्णालयात टाकतेय. उत्तर दे. आता तरी खरं लिही.


दि. १६ मे

चि. शेंडेफळास,
आशीर्वाद लिहायचं तोंड नाही, तरी लिहितो.

जहाज निघायच्या आदल्या दिवशी चिमणीची काजळी काढायला मी आत उतरलो होतो. नेहमीचंच काम. तोंडावरचा फडका सरकला आणि काजळीचा ढीग अंगावर कोसळला. बाहेर काढलं तेव्हा मला श्वास घेता येत नव्हता. इथे आणलं, छातीचा फोटो काढला. डॉक्टरांनी तो खिडकीला धरून दाखवला. हे एका दिवसाचं नाही, असं त्यांनी सांगितलं, वीस वर्षांचं साचलंय. दोन्ही फुप्फुसांत पांढरे पट्टे होते. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. नंतर तुझं पत्र आलं आणि वाटलं, तुझ्याही फोटोत पांढरं, माझ्याही फोटोत पांढरं, आणि दोन्हींचं कारण एकच.

जहाज तीस तारखेला मला इथे ठेवून गेलं. मी तुला सगळं खरं लिहून ठेवलं होतं, पाकीट बंद केलं होतं. इलेक्ट्रिशियन ते न्यायला आला तेव्हा त्याच्याच हातात तुझं पत्र होतं. आई ताडकन उठून बसली, हे त्यात. आणि डॉक्टरांचा इशारा, तोही त्यातच. सांग, मी काय करायला हवं होतं? मी माझं पाकीट फाडलं. तेव्हापासून तो दर पंधरा दिवसांनी जहाजाबरोबर येतो, तुझी पत्रं देतो, माझी घेऊन पुढच्या बंदरात टाकतो. पाकिटावरचे पोस्टाचे शिक्के त्यानेच खरे ठेवले, खोटं सगळं माझं. बाजूचे आजोबा म्हणजे शेजारच्या खाटेवरचे. आणि मी कुठे आहे ते तुला का विचारायचो, ते आता तुला कळलं असेल. आईने भिंतीवर मला जिथे ठेवलंय तिथे मी असायला पाहिजे, एवढीच धडपड होती. तुझं पत्र आलं की डोळे मिटून मी तिथे जाऊन बसायचो.

डॉक्टर म्हणतात की खराब झालेलं बरं होणार नाही, पण धुरापासून लांब राहिलो तर उरलेल्यावर बरीच वर्षं निघतील. इंजिनरूम संपली. घरी सोडायला ते महिन्यापूर्वीच तयार होते, तयार नव्हतो मी. ज्या जहाजावर मी आहे असं आई मानते, तिथून मी दारात कसा उगवू?

माझं एक ऐक. आईला यातलं काही कळू देऊ नकोस. रेष बंद झाली तर ती पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडेल. तुझ्याकडे पांढरी शाई असते ना? रोज दीड बोट काढत जा. मी काहीतरी मार्ग काढेपर्यंत. एवढं माझ्यासाठी कर.

राग धर, पण लोभही धर.

तुझा अपराधी,
दादा


दि. २४ मे

ती. दादास,
नमस्कार.

तुझं पत्र वाचलं. सात वर्षं माझं काम एकच, फोटोत जे आहे तेवढंच नोंदवायचं, नसलेलं टिंबसुद्धा घालायचं नाही. आणि माझा सख्खा भाऊ मला ढग काढायला सांगतो! तुला लाज कशी वाटली नाही, असं मी तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं. कारण मग मी शाईची बाटली उघडली.

तू निघाल्याच्या तारखा बदलून, ढग आडवे आले असं सांगून पंधरवडाभर मी वेळ काढला होता. शनिवारी मी रेष काढली. पातळ कुंचला, भिंग, पट्टी. कडा बोटाने पसरवल्या. इतकी हुबेहूब की मोठ्या बाईंनीही फसावं. आई उठली, दोरा लावला, गाठ मारली आणि वळून तिने मला सांगितलं की आज किती छान जाड आहे बघ, आज पोटभर जेवलाय. तिचा चेहरा बघून मला हुंदका फुटला. तो आवरेचना. तिने माझी हनुवटी धरली आणि विचारलं काय झालं. दादा, मला खोटं बोलता आलं नाही. तिच्या पाटीवर मी सगळं लिहिलं. एकोणतीस जानेवारी, काजळी, फोटो, रुग्णालय. पाटी भरली की पुसायची आणि पुढे लिहायचं. लिहिताना डॉक्टरांचा इशारा कानात वाजत होता, मला वाटत होतं की प्रत्येक ओळीने मी तिला मारतेय.

ती पडली नाही. पांढरी पडली, पण खुर्चीचा हात घट्ट धरून बसून राहिली. मग मला बरणी आणायला लावली. गरम पाणी, बर्फ, सगळं. काडी तिने स्वतः पेटवली, विझवली, धूर आत सोडला. ढग झाला. बराच वेळ बघून तिने विचारलं, हाच धूर त्याच्यात गेला? मी मान हलवली. तू विचारलं होतंस ना, ढगात न जाणारे कण कुठे जाऊन बसतात? मी मोठ्या बाईंना विचारलंच नव्हतं. उत्तर आईनेच काढलं.

मग मी वेड्यासारखी शास्त्र लिहीत बसले, कारण दुसरं काही सुचेना. लिहिलं की हे पांढरे ढग ऊन परतवतात, आता तेल स्वच्छ झालं म्हणजे त्या समुद्रावर पूर्वीपेक्षा जास्त ऊन पडणार, धूर गेला हे चांगलंच पण त्याचंही एक दुखणं आहे. हे मला कळलं तेव्हा मीही चक्रावले होते. आईने पाटी माझ्या हातातून घेतली. म्हणाली, म्हणजे समुद्र गार राहावा म्हणून माझ्या पोराने खोकायचं? तुमच्या मोठ्या बाईंना सांग, दुसरी काहीतरी सावली शोधा.

नंतर तिने टाचण्या काढून भिंतीवरचे सगळे फोटो उतरवले, माझ्या खोट्या रेषेसकट. आणि कागद मागितला. तिचं पत्र सोबत आहे. मी वाचलेलं नाही.

राग अजून गेलेला नाही. तो गेला की लोभ कळवीन, तोपर्यंत गृहीत धर.

शेंडेफळ


दि. २४ मे

चि. थोरल्यास,
अनेक आशीर्वाद.

थोडंच लिहिते. मला लिहायची सवय नाही, शिवायची आहे.

तुझी बहीण मला म्हणते रागावू नकोस. मी तुझ्यावर रागावलेलीच आहे. मला धक्का बसू नये म्हणून तुम्ही दोघं काय काय करत होतात! अरे, चाळीस वर्षं मी लोकांची मापं घेतली. कुणाची किती घटली, कुणाची वाढली, हे मला दाराशीच कळायचं. आणि माझ्या पोराची छाती आत जातेय हे तीन महिने कळलं नाही. भिंतीवर तुझं माप घेत बसले.

रोज सकाळी मी म्हणायचे, आज रेष जाड असू दे. बारीक दिसली की मला घास जात नसे. जास्त धूर सोड, असंही तुला कळवलं. माझ्या हाताने कळवलं नाही, पण तोंडाने सांगितलं. ती जाड रेष कशाची असते ते मला माहीत नव्हतं रे. मी काय मागत होते ते मला माहीत नव्हतं. हे मनात आलं की मी मध्येच उठून बसते. तू तिकडे ते वाचलंस आणि उत्तर दिलंस, पाहिजे तेवढा सोडतोय. असं उत्तर आईला देतात का?

माझ्या डॉक्टरांना धक्क्याची भीती होती ना, तर तुझ्या आईला धक्का बसला आणि ती जिवंत आहे. उलट आज पाच महिन्यांनी मशीनवरचं कापड काढलं. तेल दिलं. चालतंय.

सोबत दोरा पाठवतेय. तोच आहे, पण त्यावरच्या तुझ्या गाठी मी सोडवल्या, सगळ्या. छातीभोवती गुंडाळ. श्वास पूर्ण आत घेऊन एक गाठ मार. श्वास सोडून दुसरी मार. दोन्हींत जेवढं अंतर असेल तेवढं असू दे, मला खरं माप पाहिजे. त्या मापाचा सदरा शिवायचा आहे, सैल, गळ्याशी बटण नसलेला. दोरा लवकर पाठव. तू पाठवला नाहीस तर मी समजेन की तू अजून जहाजावरच आहेस, आणि त्या माणसाला मी ओळखत नाही.

माया आहे, ती मापात बसत नाही.

तुझी,
आई


दि. २ जून

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं. तुझ्या हाताचं अक्षर मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं, आणि शेजारच्या आजोबांसमोर लहान मुलासारखा रडलो.

दोरा गुंडाळला. नर्सने टोकं धरली. पहिल्या वेळी मी तुला फसवलं. दुसरी गाठ मुद्दाम लांब मारली, तुला बरं वाटावं म्हणून. ती गाठ घेऊन रात्र काढली. सकाळी सोडवली आणि पुन्हा खरी मारली. दोन गाठींमध्ये अर्धं बोटही नाही, आई. दीड बोटाचा तुझा मुलगा अर्ध्या बोटावर आला. पण जेवढं आहे तेवढं माझं स्वतःचं आहे.

डॉक्टरांनी काल कागदावर सही केली. जिने चढायचे नाहीत, चूल-धुरापाशी बसायचं नाही, हळू चालायचं. इलेक्ट्रिशियन गाडीपर्यंत सोडायला येतो म्हणतोय. शेंडेफळाला सांग, या वेळी माझी वाट आकाशात शोधू नकोस, स्टेशनच्या बाकावर बस. गुरुवारी सकाळची गाडी. थोडा उशीर झाला तर घाबरू नका, मला स्टेशनच्या पुलावरून, जिन्याऐवजी उताराने, यायला वेळ लागेल.

दोरा पाकिटात घातलेला नाही. तो छातीला बांधूनच येतोय.

तुझा,
थोरला